पंच-आउट: बाल्ड बुलपाशी अडकलेल्यांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ४२ वर्षांचे आहेत. निन्टेंडो स्विच या कन्सोलवर 'पंच-आउट' हा बॉक्सिंगचा जुना व्हिडिओ गेम खेळतात. बाल्ड बुल या प्रतिस्पर्ध्यापर्यंत आरामात पोचतात, तिथे मार खातात. एकदा कसेबसे जिंकले, तर पुढच्या सर्किटमध्ये, म्हणजे लढतींच्या पुढच्या गटात, तोच पुन्हा समोर आला आणि या वेळी काही केल्या पडेना. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: वयामुळे हात मंद झालाय का, जुना डबा टीव्ही आणि मूळ कन्सोल घेतला तर फरक पडेल का, आणि लहानपणी ऐकलेला माइक टायसन या गेममध्ये दिसत का नाही, हा मिस्टर ड्रीम कोण?

मी हा गेम कित्येक वर्षं खेळतोय, शिकवतोय, जुने कन्सोल उघडून दुरुस्तही करतो. म्हणून आधी वयाचा मुद्दा निकालात काढतो. ४२व्या वर्षी हा गेम पूर्ण करता येतो, ५२व्या वर्षीही येतो. डोळ्यांनी काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत निरोगी माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. विशीतला मुलगा आणि तुम्ही यांत फरक असलाच तर तो सेकंदाच्या काही शतांशांचा. या गेममधले बहुतेक ठोसे चुकवायला तेवढी सवड पुरून उरते, कारण ठोसा येण्याआधी खूण येते. तुम्ही ठोसा बघून हलताय, खूण बघून हलत नाही, हे तुमच्या वर्णनावरून मला स्पष्ट दिसतंय. "तो हात उचलतो तेव्हा मी डावीकडे दाबतो" असं तुम्ही लिहिलंय. हात उचलला गेला तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

त्याआधी टीव्ही तपासून घ्या, कारण तिथे खरोखर घोळ असू शकतो. मूळ कन्सोल सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचं. आजचे एलसीडी आणि एलईडी टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी, रंग उठावदार करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतात आणि त्यात वेळ जातो. काही टीव्हींवर ही दिरंगाई १०० मिलिसेकंदांपर्यंत जाते. म्हणजे सहा चित्रं आधीच हातची गेली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो सुरू करा. मग हीच लढत स्विच डॉकमधून काढून हातात धरून, त्याच्याच पडद्यावर खेळून बघा. हातात धरल्यावर तुम्ही एकदम चांगले खेळू लागलात तर दोष टीव्हीचा होता. काहीच फरक पडला नाही तर पुढचं सगळं नीट वाचा.

हा गेम बॉक्सिंगचा आहे असं म्हणतात, पण खेळताना तो निरीक्षणाचा गेम आहे. समोरच्या प्रत्येकाला ठरलेल्या सवयी आहेत आणि सवय उघड करणारी एक बारीक हालचाल आहे. व्हॉन कायझर ठोसा मारण्याआधी डोकं हलवतो. पिस्टन होंडाच्या भुवया उडतात. किंग हिप्पो तोंड उघडतो, त्या क्षणी तोंडावर ठोसा बसला की त्याची चड्डी घसरते आणि बेंबीवरची पट्टी दिसते. मग पोटावर जितके बसतील तितके मारायचे. तो एकदा पडला की उठतच नाही. हे सगळं चेहऱ्यावर आणि अंगावर लिहिलेलं असतं आणि ते वाचता यावं म्हणूनच प्रतिस्पर्धी एवढे मोठे काढलेत.

एवढे मोठे काढणं तेव्हा सोपं नव्हतं आणि त्यामागची करामत मला या गेमबद्दल सर्वांत जास्त आवडते. १९८४मध्ये निन्टेंडोने 'पंच-आउट' आधी आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांसाठी, काढला. त्या यंत्रात एकावर एक असे दोन पडदे होते आणि आपला खेळाडू हिरव्या तारांच्या सांगाड्यासारखा पारदर्शक दाखवला होता, म्हणजे त्याच्या आरपार समोरचा दिसायचा. त्यातली पात्रं निन्टेंडोचे गेम-रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी रेखाटली होती. घरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे एनईएसमध्ये, हे काहीच जमणारं नव्हतं. तिथे हलत्या चित्रांचे तुकडे पडद्यावर एकूण ६४ आणि एका आडव्या ओळीत फक्त ८ बसतात. तुकडा असतो ८ ठिपके रुंद. त्यापेक्षा जास्त झाले की चित्र लुकलुकायला लागतं. अर्धा पडदा व्यापणारा मुष्टियोद्धा अशा तुकड्यांतून उभा करणं अशक्य होतं.

गेमचे दिग्दर्शक गेन्यो ताकेदा यांच्या चमूने दोन गोष्टी केल्या. पहिली, आपला खेळाडू लिटल मॅक याला बुटका केला. वय १७, वजन १०७ पौंड, राहणार ब्रॉन्क्स, न्यूयॉर्क. त्याच्या डोक्यावरून समोरचा पूर्ण दिसतो, त्यामुळे पारदर्शक करायची गरजच उरली नाही. दुसरी, समोरचा योद्धा बराचसा पार्श्वभूमीच्या थरात काढला. पार्श्वभूमीला ओळीत आठचं बंधन नसतं, पण तिची वेगळी अडचण असते: एका वेळी ८ बाय ८ ठिपक्यांच्या फक्त २५६ फरश्या वापरता येतात. प्रेक्षक, दोर, अंक, अक्षरं आणि वर हा माणूस, एवढं सगळं २५६ फरश्यांत कसं बसणार? म्हणून कॅसेटमध्ये एमएमसी२ नावाची चिप घातली. पडदा रंगवला जात असताना एखादी ठरावीक खुणेची फरशी आली की ही चिप आपोआप फरश्यांचा दुसरा संच पुढे करते. एकाच चित्रात दोन संच वापरता येतात, आणि त्यासाठी मुख्य प्रोसेसरला काहीच करावं लागत नाही. एनईएसच्या शेकडो गेममध्ये ही चिप फक्त याच एका गेमसाठी वापरली गेली. होंडाच्या भुवया उडताना दिसतात त्या या चिपच्या जोरावर. तेव्हा त्या बघा.

आता हृदयांबद्दल, कारण बहुतेक खेळाडू तिथेच हरतात आणि त्यांना कळतही नाही. पडद्यावर वरच्या बाजूला हृदयाचं चिन्ह आणि त्यापुढे आकडा असतो. तुम्हाला ठोसा लागला की आकडा कमी होतो. तुम्ही मारलेला ठोसा समोरच्याने अडवला तरी कमी होतो. शून्यावर आला की मॅक गुलाबी पडतो आणि त्याला ठोसाच मारता येत नाही. मग फक्त चुकवत राहायचं, तेव्हा हृदयं परत मिळतात. लहानपणी आपण सगळे दोन्ही बटणं बदाबदा दाबायचो. ग्लास जो त्यानेही पडतो, कारण तो पॅरिसचा बिचारा ९९ लढती हरलेला आणि एकच जिंकलेला आहे. पण होंडापासून पुढे असं दाबलं की प्रत्येक अडवलेला ठोसा तुमच्या खिशातून जातो. तुमच्या प्रश्नात तुम्ही लिहिलंय की बाल्ड बुलसमोर मॅक "सारखा गुलाबी होतो". म्हणजे तुम्ही त्याच्या हातांवर मारताय. एक सवय लावा: चुकवल्याशिवाय ठोसा मारायचा नाही. एक अख्खी लढत अशी खेळा की आपण सुरुवात करायचीच नाही. वेळ जाईल, तुम्ही हरालही, पण समोरचा काय करतो ते पहिल्यांदा नीट दिसेल.

बाल्ड बुलच्या आधी ग्रेट टायगर येतो आणि त्याच्याबद्दल मराठी वाचकांसाठी थांबायलाच हवं, कारण त्याच्या नावापुढे लिहिलंय: बॉम्बे, इंडिया. २००९मध्ये वी कन्सोलसाठी नवा 'पंच-आउट' आला तेव्हा ते मुंबई झालं. आपल्या शहराचा माणूस अशा जगप्रसिद्ध गेममध्ये आहे याचा मला लहानपणी फार अभिमान वाटायचा. मोठेपणी नीट बघितल्यावर खटकलंही. फेटा, त्यात खडा, क्षणात गायब होणारा जादूगार. मुंबईत गिरणगावातल्या तालमी होत्या, नागपाड्याला बॉक्सिंग होतं, त्यातलं काहीच इथे नाही. परदेशातल्या जत्रेतल्या जादूच्या खेळात हिंदुस्थानी माणूस जसा दाखवत, तसा हा आहे. फक्त आपल्याच वाट्याला हे आलं असंही नाही. जर्मनीचा लष्करी मिशीवाला, स्पेनचा गुलाब धरणारा नाचरा, रशियाचा बाटलीवाला, सगळेच साच्यातले. त्या रशियनाचं नाव आर्केडमध्ये व्होडका ड्रंकेन्स्की होतं. घरच्या कन्सोलवर मुलं खेळणार म्हणून ते सोडा पोपिन्स्की केलं, बाटली मात्र तशीच राहिली. हे साचे मला आवडत नाहीत आणि मुलांना हा गेम शिकवताना मी ते बोलून दाखवतो. तरीही ग्रेट टायगरची लढत रचनेच्या दृष्टीने गेममधल्या उत्तम लढतींपैकी आहे, हे मान्य करावंच लागतं.

कारण तो तुम्हाला खूण वाचायला शिकवतो. त्याच्या फेट्यातला खडा ठोशाआधी लुकलुकतो. त्याच्या हाताकडे बघायचंच नाही, नजर खड्यावर ठेवायची. खडा चमकला की बाजूला व्हा. मग तो गायब होतो आणि रिंगभर फिरत पाच ठोसे मारतो. इथे बाजूला उड्या मारत बसू नका. खालचं बटण दाबून हात वर धरा आणि पाचही ठोसे हातांवर घ्या. मोजा: एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्यानंतर तो चक्कर येऊन डोलतो. तेव्हा एकच ठोसा मारा, तो आडवा होतो. चक्कर आलेली असताना त्याला एका ठोशाहून जास्त लागत नाही, म्हणून उगाच हृदयं उधळू नका. तुम्ही त्याच्यापुढे गेलात म्हणजे हे तुम्हाला जमतंय. फक्त तुम्ही ते जादूगाराची खास युक्ती समजून विसरून गेलात. बाल्ड बुलच्या लढतीत तेच करायचं आहे.

बाल्ड बुल इस्तंबूलचा. साध्या ठोशांत तो पुढे झुकतो, खाली जातो आणि मग वर उसळून अपरकट, म्हणजे खालून वर हनुवटीवर येणारा ठोसा, मारतो. तो खाली गेला की लगेच बाजूला व्हा, वर येईपर्यंत थांबू नका. चुकवल्यावर तोंडावर दोन-तीन ठोसे बसतात. सलग ठोसे येतात तेव्हा ते एका लयीत येतात, दोन वेळा ती लय बघितली की बोटांत बसते. इतकं तुम्हाला येतंय असं दिसतं.

अडचण आहे ती त्याच्या धावून येण्याची. तो मागे दोरांपर्यंत जातो, मग उड्या मारत पुढे येतो. लागला तर मॅक थेट आडवा. बहुतेक जण तो चुकवतात आणि सुटकेचा श्वास टाकतात. चुकवू नका. ती लढत जिंकायची सर्वांत मोठी संधी तीच आहे. पुढे येताना तो तीन उड्या घेतो आणि तिसरी उडी टेकताना पोटात एक ठोसा बसला तर तो त्याच क्षणी कोसळतो, त्याच्यात कितीही ताकद उरलेली असली तरी. एका फेरीत तीनदा पडला की लढत संपते. म्हणजे तीन धावा नीट वाचल्या तर एवढा मोठा माणूस तीन ठोशांत आटोपतो.

आता त्या ठोशाची वेळ. पोटात मारायचं म्हणजे वरचं बटण दाबायचं नाही, नुसतं ए किंवा बी. इथेच अनेकांची गफलत होते, कारण तोंडावर मारायच्या सवयीने अंगठा वर गेलेला असतो. धाव सुरू झाली की दिशांच्या बटणावरून अंगठा पूर्ण उचला. मग मोजा. पहिली उडी, दुसरी उडी आणि तिसरी टेकतानाच ए. तिसरी उडी दिसल्यावर दाबलं तर उशीर झाला. तबल्यावर समेवर यायचं असेल तर सम ऐकून हात उचलत नाहीत, आधीच्या मात्रांवरून सम कुठे येणार ते माहीत असतं. इथेही पहिल्या दोन उड्यांतून तिसरी कधी पडणार ते कळतं. तोंडाने मोठ्याने मोजा, लाजू नका. मी शिकवलेल्या बहुतेकांना मोठ्याने मोजल्यावरच जमलंय.

मोजूनही जमत नसेल तर गेममध्येच एक मदत लपवलेली आहे आणि तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. प्रेक्षकांत कॅमेऱ्यांचे फ्लॅश अधूनमधून चमकत असतात, आपण ते सजावट समजून सोडून देतो. २००९मध्ये वीच्या आवृत्तीच्या निमित्ताने निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी जुन्या चमूची मुलाखत घेतली. त्यात उघड झालं की बाल्ड बुल धावून येताना ठोसा नेमका कधी मारायचा, ते एक फ्लॅश दाखवत असतो. गेम येऊन २२ वर्षं झाली होती आणि जगभर लाखो लोक तो खेळले होते. तेवढ्यावर संपलं नाही. २०१६मध्ये एका खेळाडूच्या लक्षात आलं की प्रेक्षकांत बसलेला एक दाढीवाला माणूसही होंडा आणि बाल्ड बुल यांच्या लढतींत नेमक्या क्षणी हलून ठोशाची वेळ सांगतो. बाकीचे प्रेक्षक तेव्हा स्तब्ध असतात. ही खूण तब्बल २९ वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होती. पुढच्या वेळी लढत खेळताना एक डाव फक्त प्रेक्षकांकडे बघण्यात घालवा. हरलात तरी चालेल.

दुसऱ्या भेटीतला बाल्ड बुल, जो तुम्हाला काही केल्या पडत नाही, त्याचं कारण साधं आहे. वर्ल्ड सर्किटमध्ये तो साध्या ठोशांनी पडतच नाही. त्याची ताकदीची पट्टी रिकामी केली तरी तो उभा राहतो. तो दोनच गोष्टींनी पडतो: धावताना पोटात बसलेला ठोसा, किंवा ताऱ्याचा अपरकट. तारे मिळतात समोरच्याला विशिष्ट क्षणी ठोसा लागला की, एका वेळी तीन साठवता येतात आणि स्टार्ट दाबलं की एक खर्च होऊन मॅक जोरदार अपरकट मारतो. तुम्ही साध्या ठोशांनी त्याला दमवत राहिलात आणि वेळ संपली, एवढंच झालं. आधी धावेवरचा ठोसा पक्का करा, मग दुसरी भेट सोपी वाटेल.

आणखी एक, जे अनेकांना माहीत नसतं: दोन फेऱ्यांच्या मध्ये प्रशिक्षक डॉक लुइस बोलत असतो तेव्हा सिलेक्ट दाबलं तर मॅकची ताकद थोडी भरून निघते. हे लढतीत एकदाच होतं, म्हणून पहिल्या फेरीनंतर उगाच वापरू नका.

पुढच्या गड्यांबद्दल थोडक्यात. डॉन फ्लॅमेंको पहिल्या भेटीत हसत हसत जातो, त्याचा अपरकट चुकवल्यावर तोंडावर डावा-उजवा, डावा-उजवा असं मारत राहिलं की त्याला सुटकाच मिळत नाही. दुसऱ्या भेटीत तो तसा फसत नाही. मिस्टर सँडमॅन सलग तीन अपरकट मारतो, तिन्ही चुकवल्याशिवाय हात उचलू नका. सुपर माचो मॅन गिरकी घेऊन ठोसा मारतो तेव्हा बाजूला सरून उपयोग नाही, खालचं बटण दोनदा झटपट दाबून खाली बसावं लागतं. बाल्ड बुल जमला त्याला हे सगळे जमतात.

आता टायसन. १९८६मध्ये अमेरिकी मुष्टियोद्धा माइक टायसन झपाट्याने वर येत होता. निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांनी त्याची लढत बघितली आणि त्याचं नाव व चेहरा वापरायचा तीन वर्षांचा करार केला. २२ नोव्हेंबर १९८६ला टायसनने ट्रेव्हर बर्बिकला हरवून विसाव्या वर्षी जगज्जेतेपद मिळवलं. ऑगस्ट १९८७मध्ये टोनी टकरला हरवून तिन्ही प्रमुख किताब एकत्र केले, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये 'माइक टायसन्स पंच-आउट' अमेरिकेच्या दुकानांत आला. याहून चांगली वेळ मिळणं कठीण होतं. गेममध्ये तो कॅट्सकिल, न्यूयॉर्कचा दाखवलाय, कारण प्रशिक्षक कस डमॅटो यांनी त्याला तिथेच घडवलं होतं. जपानमध्ये त्याआधी एक सोनेरी कॅसेट निघाली होती. १९८७च्या गोल्फ गेम स्पर्धेचं बक्षीस म्हणून ती १०,००० जणांना मिळाली. तिच्यात टायसन नाही, तो गेम सुपर माचो मॅनपाशी संपतो.

टायसनला तुरुंगवास झाला म्हणून त्याला गेममधून काढलं, असं सर्रास सांगितलं जातं. तारखा बघितल्या की ते टिकत नाही. मिस्टर ड्रीमची आवृत्ती १९९०मध्ये आली, खटला आणि शिक्षा १९९२ची. करार संपला होता आणि ११ फेब्रुवारी १९९०ला टोकियोत बस्टर डग्लसने टायसनला दहाव्या फेरीत पाडलं होतं. निन्टेंडोने करार पुढे नेला नाही आणि त्याच्या जागी काल्पनिक मिस्टर ड्रीम उभा केला. डोकं आणि नाव बदललं, बाकी अंग, ठोसे, वेळा सगळं तेच. तेव्हा तुम्ही खरा टायसन खेळत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यासमोरचं आव्हान अगदी तेच आहे. तिथे थेट जायचं असेल तर सांकेतिक आकडे आहेत ००७ ३७३ ५९६३. अमेरिकेत १९८०च्या दशकात वाढलेल्या माणसांना हे आकडे आजही पाठ असतात.

पहिल्या फेरीतल्या पहिल्या ९० सेकंदांत मिस्टर ड्रीम फक्त अपरकट मारतो आणि एकही लागला की मॅक आडवा. इथे मात्र खरी चपळाई लागते, मी ते लपवणार नाही. चुकवल्यावर एकच ठोसा मारा आणि परत तयार राहा. दोन मारायची हाव धरली की तिसरा त्याचा असतो. ९० सेकंद निघाले की तो हुक, म्हणजे बाजूने वळवून येणारे ठोसे, मारायला लागतो आणि त्याआधी डोळे मिचकावतो. म्हणजे पुन्हा खूण वाचायचाच खेळ. स्विचवर लढत कुठेही थांबवून साठवता येते, मागेही नेता येते. सरावासाठी ही सोय जरूर वापरा: ती ९० सेकंदं वेगळी काढून पुन्हा पुन्हा खेळा. जिंकल्यावर एकदा सोयीशिवाय खेळा, तो आनंद वेगळाच असतो.

या खुणा किती पक्क्या आहेत याचा पुरावा हवा असेल तर गेम्स डन क्विक या धर्मादाय निधीसाठी होणाऱ्या उपक्रमातली खेळी शोधून बघा. तिथे खेळाडूंनी डोळ्यांवर पट्टी बांधून, केवळ आवाजावरून हा गेम खेळून दाखवलाय. प्रत्येक ठोशाला आवाज आहे, प्रत्येक धावेला आवाज आहे. म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून खेळत असाल, मुलं झोपली म्हणून, तर हेडफोन लावा. दुसऱ्या टोकाला समनिंग सॉल्ट या नावाने ओळखला जाणारा अमेरिकी खेळाडू आहे. त्याने २०२५मध्ये टायसनला गेमच्या घड्याळात दोन मिनिटांच्या आत हरवलं, १:५९.९७. त्यासाठी त्याने काही वर्षं आणि हजारो प्रयत्न घातले.

आता मूळ कन्सोल घ्यावा का, हा प्रश्न. डबा टीव्हीवर दिरंगाई जवळजवळ नसते हे खरं आहे आणि मला स्वतःला त्यावरच खेळायला आवडतं. पण भारतात बसून अमेरिकी एनईएस घेणाऱ्यांना मी काही गोष्टी आधी सांगतो. त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये सरळ लावला तर तो जळतो, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. अमेरिकी कन्सोलचं चित्र एनटीएससी पद्धतीचं असतं, आपले जुने टीव्ही पॅल पद्धतीचे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातले अनेक टीव्ही दोन्ही घेतात, त्याआधीच्या कित्येकांवर चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर-खाली फिरत राहतं. विकत घेण्याआधी लावून बघा. माळ्यावर समुराई किंवा लिटल मास्टर हा भारतात मिळणारा जुना टीव्ही गेम सापडला तर त्यावर ही कॅसेट बसणार नाही. त्यांची खाच फॅमिकॉमसारखी, म्हणजे एनईएसच्या जपानी आवृत्तीसारखी, ६० पिनांची असते, अमेरिकी कॅसेट ७२ पिनांची. मध्ये अडॅप्टर लागतो. शिवाय सेकंदाला ५० चित्रं दाखवणाऱ्या यंत्रावर गेम सावकाश चालतो, त्यावर बसलेली लय ६०च्या यंत्रावर उपयोगाची नाही.

कॅसेट घेताना एक चांगली गोष्ट: यात बॅटरी नाही, प्रगती आकड्यांच्या संकेताने साठते. म्हणून जुन्या अनेक कॅसेटींसारखी बॅटरी संपून साठवलेलं पुसलं जाण्याची भीती नाही. नकली कॅसेटी बाजारात भरपूर आहेत. विकणारा कॅसेट उघडून आतल्या सर्किटच्या पाटीचा फोटो द्यायला तयार नसेल तर घेऊ नका. फोटोत निन्टेंडोची पाटी आणि तिच्यावर एमएमसी२ असं छापलेली चिप दिसायला हवी. कॅसेट चालत नसेल तर तोंडाने फुंकू नका, ओलाव्याने पिना गंजतात. कानातल्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा आणि वाळू द्या.

माझा सल्ला विचाराल तर आत्ता पैसे खर्च करू नका. टीव्हीचा गेम मोड लावा, बाल्ड बुलच्या पहिल्या लढतीआधी गेम साठवून ठेवा आणि पुढचे काही दिवस फक्त त्याची धाव खेळा. तीन उड्या मोजून तो सलग तीनदा पडू लागला की त्याच्या दुसऱ्या भेटीकडे वळा. तिथे अडलात तर पुन्हा लिहा. लिहिताना त्याचा नेमका कोणता ठोसा तुम्हाला लागतो आणि तेव्हा तुमची नजर कुठे होती, एवढं कळवा.